‘माझा हिशोब करून टाका’ म्हणणारा मिस्त्री

पत्र असं आलंय:

ताई नमस्कार. मी राजापूर तालुक्यात घरांची कामं घेतो. चिऱ्याचं बांधकाम, स्लॅब, प्लास्टर, सगळंच. हाताखाली १२-१३ माणसं, अर्धी गावातली, अर्धी विजापूरकडची. फेब्रुवारीत साईटवर एक पोरगा परांचीवरून पडला, २२ वर्षांचा, रत्नागिरीला नेईपर्यंत गेला. त्याच्या घरी मी ५० हजार दिले, जमलं तेवढं केलं. आता विषय माझ्या सेंट्रिंगच्या मिस्त्रीचा आहे. आठ वर्षं माझ्याकडे आहे, ती परांची त्यानेच बांधलेली. तेव्हापासून माणूस बदललाय. बोलत नाही, धड जेवत नाही, आधी शनिवारी प्यायचा आता रोज क्वार्टर. रात्री शेडच्या बाहेर नुसता बसलेला असतो. बाकीचे म्हणतात नाटकं आहेत, उचल बुडवायचा प्लॅन आहे, ४० हजार उचल आहे त्याच्याकडे. एकजण म्हणतो जागेचं काहीतरी आहे, जागेच्या राखणदार देवाला नारळ द्या. गेल्या आठवड्यात त्याने स्वतःचा ओळंबा आणि हातोडा नव्या पोराला देऊन टाकला आणि मला म्हणाला, शेठ माझा हिशोब करून टाका, काय निघेल ते बायकोच्या खात्यात घाला. मला मिरगाआधी स्लॅब टाकायचाय, मालक मुंबईवरून रोज फोन करतोय. याला एसटीत बसवून गावी पाठवू का, घरी गेला की बरा होईल असं वाटतं. आणि त्याच्याशी बोलायचं तर काय बोलायचं? मला असलं काही येत नाही.

दादा,

तुमचं पत्र मी रात्री साडेनऊला वाचलं आणि खाली नंबर होता म्हणून लगेच फोनच लावला, छापून येईपर्यंत थांबायचं ते पत्र नव्हतं. फोनवर घाईत जे बोलले तेच आता जरा नीट लिहितेय, कारण अशी दहा-बारा माणसं घेऊन कामं करणारे मिस्त्री, मुकादम आपल्याकडे गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत गावोगाव आहेत आणि मिरगाआधीची घाई सगळ्यांनाच आहे. माणसं ओळखू येतील असं जे होतं ते तुम्हाला विचारून बदललंय.

पहिलं म्हणजे एसटीत बसवू नका. एकट्याला तर अजिबात नाही. रात्रभराचा प्रवास, खिशात हिशोबाचे पैसे, सोबत ओळखीचं कुणी नाही आणि डोक्यात जे चाललंय ते चाललंय, हे मला नुसतं वाचूनच धस्स झालं.

‘हिशोब करून टाका’ याचा अर्थ तुम्ही काम सोडतोय असा घेतलात. तुमच्या जागी कुणीही तसाच घेतला असता. पण मला ओळंब्याने घाबरवलं. माझे बाबा गवंडी होते, त्यांची थापी आईनेसुद्धा जागची हलवलेली चालायची नाही, आणि दुसऱ्याच्या हातात दिसली तर दोन दिवस घरात कुणाशी बोलायचे नाहीत. ज्याला दुसरीकडे कामाला जायचंय तो पिशवीत आधी हत्यारं भरतो मग कपडे. हत्यारं देऊन टाकणारा माणूस कुठे कामाला चाललाय? त्यात पैसे बायकोच्या खात्यात घाला, झोप नाही, जेवण नाही, पिणं वाढलेलं, आणि डोक्यावर त्या पोराच्या मरणाचं ओझं. यातली एकेक गोष्ट सुटी असती तर मी म्हटलं असतं बघा चार दिवस. सगळं एकदम दिसतंय तेव्हा वाट बघायची नाही.

आता बोलायचं काय. सकाळी हजेरीच्या वेळी नको, बाकीच्यांसमोर नको आणि तो प्यायलेला असताना तर नकोच. काम सुटल्यावर दोघंच चिऱ्यांच्या थप्पीवर बसा, चहा घ्या, समोरासमोर नाही, शेजारी शेजारी. जे दिसतंय तेच सांगा की तू जेवत नाहीस, रात्रीचा बाहेर बसतोस, ओळंबा देऊन टाकलास, मला काळजी वाटतेय. आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं लय अवघड असतं, आपल्याला वाटतं काहीतरी बोललं पाहिजे, आपण लगेच ‘सगळं ठीक होईल’ म्हणून मोकळे होतो आणि समोरच्याचं ओठावर आलेलं परत आत जातं.

त्यानंतर सरळ विचारायचं, ‘जीव द्यायचे विचार येतात का मनात?’ हो, एवढ्या स्पष्ट. आडून आडून ‘काय वेडंवाकडं करणार नाहीस ना’ असं नाही, कारण त्याला एकच उत्तर असतं, नाही शेठ. तुम्ही फोनवर म्हणालात की असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल. भरत नाही. विचार असेल तर तो कधीचा आहेच, उलट कुणीतरी तोंडाने उच्चारला की माणसाच्या छातीवरचा दगड थोडा सरकतो, हे या कामात असलेले सगळेच सांगतील.

‘बायकापोरांचा विचार कर’ हे मात्र म्हणू नका. चांगल्या मनानेच म्हणतात लोक. पण तो रात्रभर बायकापोरांचाच विचार करतोय, आणि करून करून त्याचा हिशोब असा लागलाय की आपण नसलो तर त्यांचं बरं होईल. ‘पुरुषासारखा पुरुष तू’, ‘टेन्शन कुणाला नाही’ हे पण नको.

तो हो म्हणाला तर घाबरू नका, ओरडू नका, शपथा घालू नका. त्या रात्री एकटं सोडायचं नाही, शेडमध्ये शेजारी त्याच्या भरवशाचा माणूस झोपवा. तिथूनच १४४१६ लावा. टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतं. आणि कानडीत पण बोलता येतं, ही गोष्ट तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे. तुमचा मिस्त्री विजापूरकडचा, मराठी बोलतो म्हणता, पण ती साईटवरची मराठी, माल आण, फळी दे, पाणी मार. तीन महिने छातीत साठलेलं त्या मराठीत कसं सांगेल तो? आणि तो काही करायला निघालाय असं दिसलं तर फोनाफोनी करत बसू नका, ११२ किंवा १०८ लावा, नाहीतर गाडीत घालून सरळ सरकारी हॉस्पिटल.

पोलीस केसची भीती तुम्ही दोनदा बोलून दाखवलीत. मरायचा प्रयत्न केला तर गुन्हा, हे जुनं झालं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम आहे. म्हणजे भीतीपोटी लपवालपवी करायला नको.

आता वहीकडे येते, तुमच्या हजेरीच्या वहीकडे. तुम्ही विचारलंत काय बोलू, आणि माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच घोळतंय की वहीत काय लिहिलंय. ४० हजार उचल. फेब्रुवारीपासून त्याचे खाडे वाढले, खाडा म्हणजे हजेरी नाही, हजेरी नाही म्हणजे उचल फिटत नाही. पुढे पाऊस. जूनपासून काम बंद ते पार दसऱ्यापर्यंत, आपल्याकडे चार महिने बांधकामवाल्याच्या हाताला काही नसतं. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची, बेगमी आपली माणसं कशी करतात ते मला माहितीय, आमच्या घरी मे महिन्यात तांदूळ, सुकी मासळी, लाकडं भरली की बाबा दुकानदाराचा आकडा बघून जे गप्प व्हायचे ते गणपतीत जरा हसायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं बाबांना पाऊस आवडत नाही. आता कळतंय काय ते. तुमच्या मिस्त्रीची आगोट तर विजापूरला आहे, तिथे बायको त्याच्या पैशांकडे डोळे लावून बसलेली, आणि हा इथे रात्री शेडबाहेर बसून आकडे मांडतोय.

एनसीआरबीची, म्हणजे गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या विभागाची, २०२२ सालची आकडेवारी बघा, देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यातले २६.४ टक्के लोक रोजंदारीवर जगणारे. चारात एक. राज्यांमध्ये सगळ्यात वर आपला महाराष्ट्र, २२,७४६. मला नाही वाटत रोजंदारीवाल्यांची मनं बाकीच्यांपेक्षा कमजोर असतात म्हणून. त्यांचं आजारपण, त्यांचं दुःख, सगळ्याचा दिवसाचा रेट ठरलेला असतो. ऑफिसवाल्याला सुट्टी मिळते, याचा खाडा पडतो.

म्हणून माझ्या मते वही हा तुमचा अर्धा उपचार आहे, आणि तो डॉक्टरच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. उचल माफ करा असं मी म्हणत नाही, तुमचंही घर आहे, आणि मोठ्या मनाने माफ करून टाकली तर तो आणखी ओशाळेल. वही घेऊन त्याच्याबरोबर बसा. आकडा त्याला दाखवा, म्हणजे त्याच्या डोक्यातला आणि वहीतला एकच आहे का ते कळेल, बऱ्याचदा डोक्यातला मोठा असतो. ‘ही उचल पुढच्या सीझनला बघू, दसऱ्यानंतर हजेरीतून थोडी थोडी’ असं तिथेच लिहा, त्याच्यासमोर. डॉक्टरकडे जायच्या दिवसाचा खाडा धरणार नाही हे पण लिहा. बायकोच्या खात्यात आठवड्याचे थोडे पैसे आतापासून घालायला लागा. आणि हिशोब ‘करून टाकायचा’ मात्र नाही. हिशोब चालू ठेवायचा. तू माझ्याकडे आहेस, दसऱ्यालाही असशील, हे त्याला वहीतून कळू दे, तुमच्या तोंडून पटणार नाही एवढं त्यातून पटेल.

आणि बाकीच्यांना ठणकावून सांगा की उचलीचा विषय माझा आणि त्याचा आहे, पुन्हा ‘नाटकं’ हा शब्द ऐकायला नको.

पुढचं जरा कडू लागेल. ती परांची त्याने बांधली, बरोबर. पण कठडा नव्हता, सेफ्टी बेल्ट नव्हता, हेल्मेट दोनच होती आणि ती इंजिनिअर आला की घालायची, हे तुम्हीच मला फोनवर सांगितलंत. मग चूक एकट्या मिस्त्रीची कशी? त्याला वाटतंय ती सगळी आपली आहे. हे ओझं दुसरं कुणी उचलू शकत नाही, तुम्हीच उचलू शकता, ‘परांची तुझी होती पण बेल्ट आणायचं काम माझं होतं’ एवढं एक वाक्य. पण मनापासून वाटत असेल तरच बोला, आणि स्लॅबच्या आधी बेल्ट आणून मगच बोला. ते ५० हजारही तुम्ही मदत म्हणून दिलेत, ते चांगलं केलंत, पण कामावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना नुकसानभरपाई हा आपल्याकडे १९२३ पासून कायद्याने हक्क आहे आणि तो आकडा ५० हजारांपेक्षा बराच मोठा होतो. कामगार अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन विचारा, स्वतःहून जा. त्या पोराच्या घरी काय चाललंय हा प्रश्न तुमच्या मिस्त्रीला रोज रात्री खात असणार, दोघं एकाच भागातले.

त्याला काय झालंय ते डॉक्टर सांगतील, मी डॉक्टर नाही. पण त्या कोपऱ्याकडे जायला नको म्हणणं, फळी पडली तरी दचकणं, झोपेत तोच आवाज ऐकू येणं, हे सगळं तुम्ही सांगितलंत आणि तीन महिने झाले तरी ते कमी होत नाही, म्हणजे नुसतं दुःख नाही, मनाला मार लागलाय. आपली माणसं हे असं मनाचं म्हणून सांगत नाहीत बरं का. ती सांगतात पोटात जळतं, डोकं जड आहे, छातीत धडधडतं, अंगात ताकद नाही. मग मेडिकलवाल्याकडून ॲसिडिटीची गोळी, आणि महिना गेला.

आता दारू. तुम्ही म्हणालात उद्यापासून त्याची बाटली बंद करतो. थांबा जरा. रोज पिणाऱ्याची एकदम बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणं, घाम, भास होणं, फीट येणं असं होऊ शकतं आणि कधी कधी जिवावर बेततं. लोकांना वाटतं भूत लागलं, तिथूनच मग भगत सुरू होतो. दारू कशी सोडवायची ते डॉक्टरला विचारून, तेही गोळ्या देतात. तोपर्यंत उचल म्हणून संध्याकाळी रोख शंभर-दोनशे हातात ठेवणं मात्र बंद करा, ते तुमच्याच खिशातून दुकानात जातायत.

आणि डॉक्टर कुठे, तर रत्नागिरीला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात आणि प्रादेशिक मनोरुग्णालय पण तिथेच आहे, राज्यात अशी ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार मोठी. माहितीय मला, आपल्याकडे ‘याला रत्नागिरीला पाठवा’ म्हणजे काय ते. त्या चेष्टेपायी किती लोक ओपीडीच्या दारातून परत गेलेत देव जाणे. तिथे गेलं म्हणजे कोंडून ठेवतात असं काही नाही, बहुतेक लोक केसपेपर काढतात, डॉक्टरशी बोलतात, गोळ्या घेऊन संध्याकाळच्या गाडीने घरी येतात. तुम्ही स्वतः बरोबर जा. नाहीतर त्याच्या गावचा जो माणूस आहे त्याला सोबत द्या, दुभाषा पण होईल.

डॉक्टरला दोन गोष्टी न विसरता सांगायच्या, रोज किती पितो आणि उंचावर काम करतो. कारण काही गोळ्यांनी सुरुवातीला गुंगी येते आणि सेंट्रिंगवाल्याला गुंगी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त, आणि नेमकं याच काळात लोक ‘काय फरक नाय’ म्हणून सोडून देतात. तोवर त्याला वर चढवू नका. पण रिकामा पण बसवू नका, रिकामा माणूस परत शेडबाहेर जाऊन बसेल. खालचं काम द्या, माल मोजून घेणं, पाणी मारणं, नव्या पोराला फळ्यांची मापं शिकवणं, आणि हजेरी मिस्त्रीचीच लावा, बिगाऱ्याची नाही. तो ओळंबा पण त्या पोराकडून घेऊन तुमच्याकडे ठेवा. परत मागेल तेव्हा द्या.

नारळाचं विचारलंत. द्या की. राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घाला, पोरं त्या कोपऱ्यात जायला घाबरतायत म्हणता, त्यांनाही बरं वाटेल, आणि गाऱ्हाण्यात त्या गेलेल्या पोराचं नाव घ्या. मला खात्री आहे फेब्रुवारीपासून साईटवर कुणी ते नाव काढलेलं नाही, दुसऱ्या दिवशी पाणी मारून जागा धुतली आणि काम चालू. बघितलं सगळ्यांनीच होतं. तेव्हा नारळ फुटला की दहा मिनिटं बसवा सगळ्यांना, कुणाला बोलायचं असेल तर बोलू दे, नसेल तर जबरदस्ती नको. पण गोळ्या बंद करा म्हणणारा कुणी भगत मध्ये आला तर तिथून उठायचं, मग तो कुणाचा का पाहुणा असेना.

सगळं काय तुम्ही एकट्याने करायचं नाही. ऑस्ट्रेलियात २००८ पासून बांधकाम कामगारांसाठीच एक संस्था आहे, मेट्स इन कन्स्ट्रक्शन, त्यांचा सगळा भर यावर की साईटवरच्याच एक-दोन साध्या कामगारांनी थोडं शिकून घ्यायचं, कोण गप्प झालाय ते ओळखायचं, विचारायचं आणि पुढे मदतीपर्यंत पोचवायचं. डॉक्टरकी नाही करायची. तुमच्या टोळीत असा माणूस आहेच, फोनवर सांगितलंत तुम्ही, जी बाई मालाची घमेली टाकते तीच रात्री याला भाकरी नेऊन देते. तिला १४४१६ पाठ करायला लावा. लोक नाटकं म्हणत असताना तिनेच ओळखलं होतं.

आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, मागच्या वर्षात ९० दिवस काम आणि वय १८ ते ६० एवढं असलं की होते, ९० दिवसांचा दाखला तुम्हालाच सही करून द्यायचाय. १३ जणांतले किती नोंदलेले आहेत विचारलं तर तुम्ही हसलात. पावसात करा आता, वेळच वेळ आहे.

अजून एक विचारायचं राहिलं होतं, ते फोन ठेवल्यावर आठवलं. त्या दिवशी गाडीत त्या पोराचं डोकं मांडीवर घेऊन तुम्हीच बसला होतात ना? तुम्हाला झोप लागते का? १४४१६ तुमच्यासाठीही चालतो, शेठ लोकांना मनाई नाही.

परवा तुमचा मेसेज आला तो वाचला. रत्नागिरीला जाऊन आलात, बायकोला विजापूरवरून बोलावून घेतलंत, ती शेडवर भाकऱ्या थापतेय आणि तो दोन घास जास्त खातोय. विचारल्यावर हो म्हणाला आणि मग अर्धा तास रडला, तुम्हाला काय करावं सुचलं नाही म्हणून तुम्ही नुसते बसून राहिलात. बरोबर केलंत. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी बोलावलंय आणि तारीख नेमकी स्लॅबच्याच दिवशी येतेय, काय करू विचारताय. मालकाला फोन लावा आणि स्लॅब एक दिवस पुढे ढकलला म्हणून सांगा.